उकळलेला स्पंज

रुग्णालयात तिला सगळे उकळकाकू म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं काकू. तळघरातल्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत कात्र्या, चिमटे धुवायचे, कापडात बांधायचे आणि वाफेच्या मशीनमध्ये लावायचे, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. गठ्ठ्यावरच्या पट्टीच्या रेघा पुरेशा वाफेने काळ्या झाल्याशिवाय तिच्या हाताखालून एक चिमटा वर गेला नव्हता. भलेभले सर्जन तिला वचकून असत.

घरात वचकायला कुणी उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुलगी चार वर्षांच्या नातीला घेऊन आठवडाभर राहायला आली होती. पोरीने खडू धरला की हिने फडकं धरलं. चौथ्या दिवशी नातीच्या तळहातांना धुऊन धुऊन भेगा पडल्या आणि मुलीने बॅग भरली. "आई, तुझ्या घरात तिला श्वास घ्यायचा तरी आधी हात धुवावे लागतील," एवढंच ती दारात म्हणाली. तेव्हापासून भेट म्हणजे फोन.

आणि आता मुलीला नऊ दिवस कामासाठी परगावी जायचं होतं, जावई तर जहाजावर. सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि या म्हणीतलं गाढव कोण ते उकळकाकूला पक्कं ठाऊक होतं.

"मी आधी घर बघेन," मुलगी फोनवर म्हणाली. "तिला राहावंसं वाटलं तरच ठेवेन. नाहीतर नणंदेच्या पाया पडून तिच्याकडे सोडते."

मग फोन नातीकडे गेला. "आजी, तुझ्याकडे काय आहे?"

उकळकाकूने घरभर नजर फिरवली. पुसलेलं टेबल, पुसलेल्या खुर्च्या, पुसलेली खिडकी. "मासे आहेत," ती म्हणून गेली.

"कुठल्या रंगाचे?"

"केशरी."

बोलून बसली आणि मग कॅलेंडरपाशी जाऊन दिवस मोजले. हातात जेमतेम अडीच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती माशांच्या दुकानात गेली. दुकानदारीण तिशीची, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. उकळकाकूने सरळ गोल्डफिशकडे बोट केलं.

"टाकी केवढी आहे, मावशी?"

"तीही घ्यायचीय. टेबलावर मावेल एवढी."

"मग तो नको. तो वीतभर वाढतो आणि चौघांची घाण एकटा करतो."

घाण म्हटल्यावर उकळकाकूचं बोट आपसूक खाली आलं. मग तिने लांब झुलत्या शेपटीच्या निळ्या फायटरकडे पाहिलं.

"तो एकटाच राहतो. दुसरा नर दिसला की मारामारी."

"आणि ते चमकणारे बारके?"

"निऑन टेट्रा. नाजूक जात, नव्या पाण्यात टिकत नाहीत. जुनी, मुरलेली टाकी लागते त्यांना. एंजल मासा मोठा झाला की त्या निऑनलाच खातो. गप्पी घेतलेत तर दोन महिन्यांत पिल्लं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत फिराल." तिने एका टाकीला टिचकी मारली. आत नखाएवढे गुबगुबीत केशरी मासे एकमेकांच्या मागे फिरत होते. "प्लॅटी. शांत, काटक, भांडण नाही, तंटा नाही. पिल्लं यांनाही होतात, पण बेताने. पहिल्यांदा पाळणाऱ्याने हेच घ्यावेत."

"सहा द्या."

"आज टाकी न्या. पाणी भरा, पंप चालू ठेवा. मासे दहा दिवसांनी." आणि तिने स्वतःच्या टाकीतल्या गाळणीतून एक स्पंज काढून पाण्यासकट पिशवीत बांधला. तपकिरी, बुळबुळीत. "हा तुमच्या गाळणीत घाला. असाच घाला."

घरी येऊन उकळकाकूने पिशवी सिंकमध्ये उघडली आणि तिला मळमळलं. असाच? लोकांच्या टाकीतला? कुणाकुणाचे रोग असतील त्यात. तिने मोठं पातेलं काढलं, स्पंज वीस मिनिटं रटारटा उकळला, खडेही उकळले. स्पंज पिवळाधमक निघाला. त्या संध्याकाळी तिला फार बरं वाटलं.

दहा दिवसांनी सहा प्लॅटी टाकीत आले. तिसऱ्या सकाळी सगळे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते, पंख अंगाला चिकटलेले. चौथ्या सकाळी एक तळाशी आडवा पडला होता. नात परवा येणार होती. कामावर उकळकाकूने त्या दिवशी एक ट्रे दोनदा मोजला आणि तरी चुकली. जोडीदारीण म्हणाली, "काकू, घरी कुणी आजारी आहे का?"

"पाच जण," ती म्हणाली.

सुटल्याबरोबर ती दुकानात पोचली. दुकानदारणीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "स्पंज धुतलात?"

"उकळला."

दुकानदारणीने कपाळाला हात लावला. "मावशी, तेच तर औषध होतं. माशांच्या मुताचं विष खाणारे जंतू राहतात त्यात. तुम्ही ते मारलेत, आता विष खाणार कोण?"

सव्वीस वर्षांत जंतू मेले म्हणून उकळकाकूला कुणी बोल लावला नव्हता. "दुसरा देता?" तिने खालच्या मानेने विचारलं.

"देते. पण आज एक तृतीयांश पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हे थेंब घालून. खायला काही नको. आणि मावशी, टाकीला हात लावायचा नाही. खाज सुटली तरी."

घरी तिने पिशवी टाकीवर धरली. स्पंज होता तसाच गाळणीत घातला. तपकिरी पाणी धुरासारखं स्वच्छ पाण्यात पसरलं आणि तिने डोळे मिटून घेतले. काचेवर राहिलेला ओघळ पुसायला फडकं उचललं, परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा गेला.

तिसऱ्या दिवशी अकराला दारावर टकटक झाली. नात बुटांसकट धावत आत गेली. उकळकाकूने जीभ चावली. मुलगी बॅग हातात घेऊन उंबऱ्यापाशीच थांबली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

नातीने गढूळ काचेला नाक लावलं. "चारच आहेत."

"सहा होते." सांगायचं नसतं तर आताही जमलं असतं. आणलेच चार, म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मुलगी ऐकत होती. "दोन मेले. माझ्यामुळे. मी त्यांचं घर फार स्वच्छ केलं. फोनवर म्हटलं तेव्हा तर एकही नव्हता, तू विचारलंस म्हणून नंतर आणले."

नातीने वळून पाहिलं. "हे पण मरतील?"

"माहीत नाही. एकजण अजून वर येतोय बघ, तो मागचा. रोज बघावं लागेल."

"कोण बघणार?"

"मला एकटीला नाही जमत. मी लगेच पुसायला जाते."

नात खुर्ची ओढत टाकीपाशी घेऊन गेली आणि बुटांसकट तिच्यावर चढली. दोन्ही तळवे काचेवर टेकवून तिने मागच्या माशावर नजर लावली.

दारात मुलीने बॅग खाली ठेवली, पण हातातून सोडली नाही. "आई," ती म्हणाली, "तू चुकलीस हे तुझ्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय."

उकळकाकूने नातीच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली. मागचा मासा पुन्हा वर आला, थोडा वेळ तोंड उघडून थांबला आणि खाली गेला.

"गाडीची वेळ झाली," मुलगी म्हणाली आणि बॅगेचा पट्टा सोडून दिला. "दूध गरम करून दे तिला. साधं गरम. उकळू नकोस फार."