नाल्यापलीकडं नेलेले सात दगड

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापाशी मी साधी सर्दीसुद्धा लपवू शकत नाही, बघा.

लातूर-नांदेडकडच्या आर्किटेक्ट लोकांत माझं नाव काढा, कुणीही सांगेल — अहो, ते तर लोकांना विचारून गाव बसवणारे! आमच्या संघटनेचा मी दोनदा अध्यक्ष झालो तो याच एका वाक्यावर. सत्कार, भाषणं, शाली. शाली इतक्या, की कपाट पुरेना. आणि दर खेपेला सांगायचं ते एकच गाव.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. वर दुष्काळ. दुष्काळी कामातून एक तलाव व्हायचा होता आणि त्याखाली निलंग्याकडचं एक लहान गाव जाणार होतं. नवं गावठाण आखायचं काम मला मिळालं. तिशीही नव्हती माझी. मी टूम काढली — कागदावर आधी काही काढायचंच नाही. घरटी एक दगड द्यायचा, त्यावर गेरूनं नाव लिहायचं, आणि नव्या माळावर ज्याला जिथं घर हवं तिथं त्यानं तो ठेवायचा. भांडा, तंडा, पण आपसात ठरवा.

दिवसभर लोक दगड हलवत होते. काय ती हौस! माळावर विहीर एकच, सरकारी, पण तिला पाणी होतं. मातंग वस्तीची घरं सात. त्यातली गयाबाई — नवरा नाही, पदरी तान्हं पोर, आवाज खणखणीत — हिनं आपला दगड विहिरीपासून वीस पावलांवर ठेवला. मागोमाग बाकीच्या सहा घरांनीही. जुन्या गावात ती विहिरीच्या कडेला घागर घेऊन ताटकळायची. कुणी वरून पाणी ओतलं तर भरायची. इथं तिनं सगळ्यांदेखत दगड ठेवला आणि पायानं दाबून पक्का केला.

मी ते पाहिलं. मला आनंद झाला — हे खोटं नाही.

संध्याकाळी सरपंच आले. ना आवाज चढवला, ना धमकी. चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं काम लई भारी हाय. तेवढं विहिरीपाशी जमणार न्हाई. पंचायतीच्या ठरावावर सह्या व्हायच्यात अजून."

एवढंच. यात घाबरण्यासारखं काय होतं? मी लिंगायत घरातला. जात मानू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं. नाही म्हणता आलं असतं. कलेक्टर कचेरीत जाता आलं असतं. पण ठराव अडला तर काम दुसऱ्याकडं जाईल — ही भीती. दुसरं काही नाही.

पहाटे मी माळावर गेलो आणि — कुणाला न सांगता, या हातांनी — ते सात दगड उचलून नाल्यापलीकडं नेले. चार खेपा झाल्या. उजाडल्यावर चुन्याची फक्की मारून घेतली.

गयाबाई आली. नाल्यापलीकडं आपला दगड बघितला. "साहेब, म्या तिथं न्हवता ठिवला."

"सगळ्यांच्या मतानं झालंय, बाई," मी म्हणालो. तिनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला. न देऊन करणार काय होती?

आणि मग मी अडकलो. पहिल्याच भाषणात म्हणालो, की प्रत्येकानं आपली जागा आपण निवडली. टाळ्या पडल्या. ते वाक्य मागं घ्यावं, तर या पद्धतीवर विश्वास टाकून काम करणारी पुढची पोरं तोंडघशी पडतील — असं मी मनाला समजावत आलो. कसली पोरं न् कसलं काय! मला खुर्ची सोडवत नव्हती. दर भाषणाला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागायचं, आणि दर वेळी मी ते आधीपेक्षा चांगलं म्हणायचो.

गेल्या वर्षी नांदेडला एका कॉलेजात बोलायला गेलो. शेवटी प्रश्न सुरू झाले. मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. तिनं ओळख सांगितली — ती त्याच गावची, गयाबाईची नात. आर्किटेक्चर शिकते.

"सर, आजी जाईपर्यंत सांगायची, माझा दगड विहिरीपाशी होता म्हणून. तेव्हाचं वस्तीत कुणी उरलं नाही; घरी सगळे म्हणतात, म्हातारीला भास व्हायचा. तुम्ही तिथं होतात. खरं काय?"

सभागृह माझ्याकडं बघत होतं. एक शब्द पुरे होता — होता. एवढाच.

मी हसलो. म्हणालो, "वय झालं की आठवणींची सरमिसळ होते, बाळा."

तिनं मान हलवली. "थँक्यू सर," म्हणाली, आणि खाली बसली.