मधूनं नवस बोलला

आटपाडीकडचा मधू ऑस्ट्रेलियात वेरिबीला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. इतकी वर्षं तिकडं काढली, पण बोलीला त्यानं इस्त्री मारली नाही. गडी मोकळा, पोटात गोष्ट राहत नाही ही त्याची खोड. बायको विनीता नेमकी उलटी. काटा रुतला तरी शेजारणीला कळू द्यायची नाही. त्यांना मूल नव्हतं. दवाखान्यात इंजेक्शनं चालली होती, आणि ही गोष्ट दोघांतच राहील असं तिनं मधूकडून वदवून घेतलं होतं.

जानेवारीतल्या लाँग वीकेंडला मराठी मित्रमंडळी कॅम्पिंगला गेली. तिकडं तेव्हा ऐन उन्हाळा, आगीला बंदी, म्हणून मधे बॅटरीचा कंदील ठेवला. उन्हं कलली तसं स्पृहानं सगळ्यांना गोल बसवलं. ही पुण्याची, योगाचे क्लास घेणारी.

"प्रत्येकानं आपलं इंटेन्शन सेट करायचं. मनापासून, मोठ्यानं."

राजीव म्हणाला, "मी बिअर कमी करणार."

"आधी हातातली तरी खाली ठेव!" स्पृहा म्हणाली. हशा झाला.

मधूनं राजीवला कोपरानं ढोसलं. "म्हंजी नवस का रं?"

"तसंच समज, मेट."

तिथंच घोळ झाला. नवस चार माणसांदेखत बोलायचा, कशासाठी ते उघड सांगायचं, आडपडदा ठेवला तर देवाला पोचत नाही, हे मधूच्या हाडात मुरलेलं. पाळी आली तसा तो उठला, चपला काढल्या, हात जोडले.

"बिरोबा, ह्या खेपंला विनीताचा गरभ टिकू दे. तुझ्या दारात बोकड सोडीन."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. राजीव बाटलीवरचा कागद खरवडत बसला. स्पृहा छातीवर हात ठेवून "ओ, विनीता..." म्हणाली. 'ह्या खेपंला' म्हटल्यावर मागच्या खेपाही सगळ्यांना कळल्या होत्या. विनीता उठून तंबूत गेली.

मधू मागोमाग गेला. "अगं, नवस म्हणाला राजीव, म्हणून..."

"माझं पोट वेशीला टांगलं तुम्ही," ती म्हणाली, आणि कूस बदलली.

सकाळी तिनं पाण्याचा ड्रम उचलायला हात घातला, तर दोघं-तिघं धावले. "अगं, तू नको उचलूस!" कुणी तिला खुर्ची दिली, कुणी मोसंबी सोलून दिली. मधू तंबूच्या खुंट्या उपटत होता. उपटलेली एक खुंटी त्यानं पुन्हा ठोकली.

निघताना स्पृहा प्रेमानं म्हणाली, "विनीता, तुझं इंटेन्शन काल राहिलंच की गं."

"माझं?" विनीता उभी राहिली. "जमलं काय नि न जमलं काय, तुमच्यातल्या कुणाला सांगायचं न्हाई. आणि ह्यांना तर सगळ्यांत शेवटी."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. मधूला तिच्याकडं बघवेना. भरलेलाच ड्रम उचलून तो पाणी आणायला निघाला.