असोद्याची दुपारची गाडी

त्या दिवसांत जळगावच्या एसटी आगारात शालिग्रामनाना गाड्यांचं भारमान काढत. म्हणजे किती जागांची तिकिटं फाटली, ते मोजत. शहाऐंशी साली त्यांच्याच आकड्यांवरून असोद्याची दुपारची गाडी बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, रोज भाजी विकून त्याच गाडीनं असोद्याला घरी परतणाऱ्या मंजुळाबाई रिकामी पाटी घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"नाना, त्या कागदात मी कुठं हाये?"

नानांनी साहेबांशी भांडभांड भांडून गाडी परत आणली.

निवृत्तीनंतर नानांना फुकट पास मिळाला. मंजुळाबाई वारल्या, तरी नाना दर सोमवारी त्याच गाडीनं असोद्याला जाऊन येत, आणि तेही तिकीट काढून.

"नाना, खिशात पास असताना?" कंडक्टर हसायचा.

"पास भारमानात धरत नाहीत रे!" नाना खेकसत. "फाड तिकीट!"