खडक लागला का?

पुलाच्या कामावर माती उपसावी तेवढे किस्से वर येतात. आम्ही चार रिटायर्ड ओव्हरसियर चहाला बसलो, की आजही पैठणकडचा गोदावरीवरचा पूलच निघतो.

खांबाचा पाया म्हणजे काँक्रीटची पोकळ विहीर. ती आधी नदीत उभी करायची, मग आतली माती उपसत खडकापर्यंत उतरवायची. बिडकीनच्या बाजाराहून येणारा एक मेंढपाळ रोज थांबून बघायचा. एक दिवस म्हणाला, "नदीत विहीर? पाणी कमी पडलं व्हय, साहेब?"



*

आमचे फोरमन कादरचाचा निजामाच्या काळापासून विहिरी उतरवत आलेले, आता रिटायरमेंटला टेकलेले. त्यांची शेवटची विहीर नेमकी कलली. चाचांनी उंच बाजूला वाळूची पोती रचली आणि सगळ्यांना भाकरी खायलाही तिथंच, उन्हात बसवलं.

पुण्याहून आलेले इंजिनिअर साहेब हसले. "अहो, दहा माणसांच्या वजनानं काय होणार?"

"वजन की बात नै साब, बावडी कू जरा शरम आनी होना."

आठवड्यात विहिरीला शरम वाटली, ती सरळ झाली. पोत्यांचं नाव कुणी काढलं नाही!

*

मग ती अडकली. हलेचना. साहेब विहिरीच्या काठावरच खुर्ची टाकून वरिष्ठांना पत्र लिहायला बसले: 'विहीर अजिबात हलत नाही.' तेवढ्यात ती धाडकन हातभर खाली गेली. दौत नदीत!

मी विचारलं, "पत्र टाकू का, साहेब?"

"टाका. लिहिलं तेव्हा खरं होतं."

असा माणूस. स्वतःची खात्री झाल्याशिवाय कशावर सही करायचा नाही.

*

पाऊस तोंडावर आला. पाणबुड्या भीमा तळाशी जाऊन आला. "खडक लागलाय, साहेब. लई टणक हाय."

"मी पाहिलेला नाही. सही कशी करू?"

सहीशिवाय तळात काँक्रीट पडणार नाही, आणि पुराआधी तळ भरला नाही तर चाचांची शेवटची विहीर हातची जाणार. आम्हाला चाचांकडं बघवेना.

चाचा कानानं अधू, म्हणून ठोका दातांनी ऐकायचे; खडकावरचा दातांत झणझणतो, मातीवरचा नाही. त्यांनी भीमाला हातोडा देऊन परत खाली पाठवलं, एक लांब लोखंडी पाइप तळाला टेकवला आणि वरचं टोक दातांत धरलं. खाली भीमानं खडकावर ठोका घातला. चाचांनी डोळे मिटले.

"पत्थर है." त्यांनी टोक सदऱ्यानं पुसून साहेबांपुढं केलं.

साहेबांनी टाय खांद्यावर टाकला आणि पाइप दातांत धरला. खालून दुसरा ठोका पडला.

पाइप न सोडताच त्यांनी पेनासाठी माझ्याकडं हात पुढं केला.