एका बटणाच्या सतरा खिडक्या

"अजून दाब. दाब ना," सर म्हणाले.

मी बटण दाबलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आणखी एक खिडकी उघडली. आधीच्या सोळा एकमेकींवर पडलेल्याच होत्या. पहिलीत शून्य, दुसरीत एक, तिसरीत दोन. खरं तर एकाच खिडकीत आकडा वाढायला हवा होता. वर्ग हसत होता.

"काय करायचं होतं तुला?"

"सर, मले वाटलं..."

"मले!" सरांनी तो शब्द माझ्याच आवाजात म्हणून दाखवला. "एक बटण जमत नाही. घरी फुलांचं दुकान आहे ना? हार कर. ते बरं."

अमरावतीतली छोटी सॉफ्टवेअर कंपनी. तीन महिने प्रशिक्षण, आणि शेवटी कोणाला ठेवायचं ते हेच सर ठरवणार. मी तिवशाची. आमचा झेंडूचा मळा, बसस्टँडसमोर आईचं हारांचं दुकान. प्रोग्रामही तिच्यासाठीच होता. हार ओवून झाला की बटण दाबायचं, आकडा एकाने वाढायचा. एवढंच.

फंक्शनल प्रोग्रामिंग याच सरांनी शिकवलं होतं. जुनं बदलायचं नाही, त्यावरून नवं तयार करायचं, हा पहिला धडा. मला तो मनापासून पटला. म्हणून बटण दाबलं की मी जुनी खिडकी तशीच ठेवून नव्या आकड्याची नवी खिडकी करत होते. पण पडद्यावर खिडक्या-बटणं करायला दिलेलं तयार साधन, ते टूलकिट, उलट्या चालीचं. तिथे जुन्याच खिडकीत हात घालून आकडा बदलायचा असतो. त्याच्या माहितीपुस्तिकेत हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी ती लिहिलेली.

त्या दिवसापासून मी घाबरले. थोडीथोडकी नाही. सकाळी एसटीत बसले की मोझरीलाच उतरून परत फिरावंसं वाटायचं. 'मला' म्हणायची तयारी मनात करायचे, आणि प्रश्नच विचारायचा राहून जायचा. सरांचे बूट मागे येऊन थांबले की बोटं चालायची नाहीत. आई विचारायची. मी म्हणायचे, "सारं मस्त चालू आहे."

भीतीपोटीच जेवणाच्या सुट्टीत लपून एक काम केलं. टूलकिटवर माझ्या कोडचा एक पातळ थर चढवला. शिकणाऱ्याने फक्त नवा आकडा कोणता आणि तो कसा दिसावा एवढं सांगायचं. जुन्या खिडकीत हात घालणं थराचं काम. कोणी माझ्यासारखी नवी खिडकी दिलीच, तर पसारा न होता एक ओळ दिसेल: "खिडकी नको, नवा आकडा द्या. खिडकी आपोआप बदलेल." कोणाला दाखवलं नाही.

मग अकोटची एक मुलगी उशिरा रुजू झाली. माझ्या शेजारी बसायची. एक दिवस पाहते तर तिच्या स्क्रीनवर खिडक्यांचा ढीग. कोणी बघायच्या आत ती भराभर बंद करत होती.

"ताई, मले काढून टाकतीन काय वं?"

मी ढिगाकडे पाहत राहिले. शून्य, एक, दोन. तीच चूक. तिने माझी नक्कल केली नव्हती. उशिरा आली तरी सरांनी तिलाही तोच पहिला धडा दिला होता, आणि तिने तो नीट ऐकला होता, माझ्यासारखाच. आणि मी इतके दिवस माझ्या डोक्याला दोष देत होते. संताप आला. सरांचा, टूलकिटचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या गप्प बसण्याचा.

बूट मागे थांबले. "पुन्हा तेच? दाब. सगळ्यांना दिसू दे."

"दाबू नको," मी तिला म्हणाले. उठले. माझा थर तिच्या मशीनवर चढवला. तिने प्रोग्राम चालवला. ओळ आली. तिने वाचली, एक जागा दुरुस्त केली, बटण दाबलं. एकच खिडकी. शून्य. एक. दोन.

सरांनी ती ओळ पाहिली. "मराठीत कशाला? बालिश दिसतं. पुसून टाक. शुक्रवारी तुझं ठरायचंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं.

"नाही पुसत, सर. चूक तिची नाही. तवा तुमी मले हसले, तवाबी चूक माही नव्हती."

शुक्रवार अजून यायचा आहे. भीती आहेच. मला काढलं तर हाराच्या टोपल्यांशेजारी बसून हा थर पुरा करीन. ती ओळ मात्र पुसणार नाही. आणि त्या पडद्यासमोर पुन्हा कोणाला हसण्यासाठी उभं केलं, तर त्याच्या शेजारी मी उभी राहीन. भीत भीत का होईना.