केतकीच्या कॉलेजची चौकशी करायला पनवेल ते पुणे

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही करंजाड्याहून निघालो. मी गाडी चालवत होते आणि शेजारी माझी मुलगी केतकी तोंड फुगवून बसली होती. सोमवारी दुपारपर्यंत तिला दोनपैकी एका परदेशी विद्यापीठाला 'येते' म्हणून कळवायचं होतं आणि जागा धरून ठेवण्याची रक्कम भरायची होती. एकदा भरली की ती परत मिळत नाही. आपल्याला नक्की कुठे जायचंय हे तिला ठरवता येत नव्हतं आणि मला दोन्हींवर विश्वास नव्हता.

विषय क्वांटिटेटिव्ह फायनान्स, म्हणजे शेअर, कर्जरोखे, विमा यांच्या किमतींमागचं गणित. केतकीने संख्याशास्त्र केलंय आणि दोन वर्षं महापेला नोकरीही केली आहे. इंग्लंडचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि अमेरिकेचा दोन वर्षांचा. दोन्ही माहितीपत्रकांत हसरी मुलं हिरवळीवर बसलेली. गणित करणारी मुलं इतकी हसतात हे मी तरी पाहिलेलं नाही.

नवीन पनवेलमधला सल्लागार पहिल्या दिवसापासून इंग्लंडचाच आग्रह धरत होता. 'मॅडम, जवळजवळ सगळ्यांना नोकऱ्या लागतात.' मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? कुठल्या देशाचे? कुठल्या नोकऱ्या? तेव्हा त्याने एका 'यशस्वी' विद्यार्थ्याचं नाव आणि पुण्यातला पत्ता दिला. अजिंक्य, घर सिंहगड रस्त्याला. 'त्याच्या घरच्यांना फोन करा, समाधान होईल.'

सल्लागाराने दिलेल्या नंबरावर फोन करायचा म्हणजे मुलाकडच्यांनाच मुलगा कसा आहे असं विचारण्यासारखं. माझ्या दोन भाच्यांच्या स्थळांची चौकशी मीच केली होती. त्यातलं एक स्थळ मी मोडलं आणि सगळ्यांनी नंतर हात जोडले. माझी रीत ठरलेली आहे. न कळवता जायचं, घरच्यांना विचारायचं नाही, समोरच्या दारात विचारायचं.

हे म्हणाले, "अगं, कॉलेजची चौकशी आहे, सोयरीक नाही." मी म्हटलं, माणसं तीच असतात.

पळस्प्याला टायरमध्ये हवा भरायला थांबलो. तिथले पाटील मूळचे विचुंब्याचे आणि त्यांचा पुतण्या याच सल्लागाराकडून गेलेला. मी विचारलं, कसं काय आहे तिकडे?

"त्याचे हापिसात जाऊन बगा बाय," ते वाकूनच म्हणाले. "भिंतीवर फोटो लय हायत. पोरा कंची कुटं हायत, ते त्याला पन ठाव नाय."

"ऐकलंस?" मी केतकीला म्हटलं.

"आई, ते हवा भरतात."

"म्हणूनच. त्यांना कमिशन मिळत नाही."

एक्स्प्रेसवे सकाळी आठच्या आत पार करावा. शनिवारी त्यानंतर घाटात ट्रकांच्या मागे तास कसा जातो ते कळत नाही. फूड मॉलवर फक्त स्वच्छतागृहासाठी थांबा. तिथला चहा कोमट असतो आणि घरच्या दहा कपांच्या भावात पडतो. आम्ही थर्मास आणि थालीपीठं नेली होती. वाकड-वारजे बायपासला सर्व्हिस रोड खणून ठेवलाय, नकाशा काहीही सांगो, मुख्य रस्ता सोडू नका. पावणेदहाला आम्ही सोसायटीच्या फाटकात होतो.

तिसऱ्या मजल्यावर अजिंक्यच्या दारावर पाटी होती. मी पाठ फिरवून समोरची बेल दाबली. दार एका काकूंनी उघडलं, हातात अर्धी निवडलेली मेथी.

"समोरच्या अजिंक्यबद्दल जरा विचारायचं होतं," मी म्हटलं.

काकूंनी केतकीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि चेहरा उजळला. "या, या! आत या ना. पोहे टाकू का?"

पोहे आले. मग काकू बोलत सुटल्या. "मुलगा सोन्यासारखा हो. लंडनला असतो. मोठी बँक आहे. पगार मी विचारत नाही, पण आकडा मोठाच असणार. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एकुलता एक. आणि अजिंक्यची आई स्वभावाने गरीब, तुमच्या लेकीला सासुरवास म्हणून होणार नाही."

केतकीने टेबलाखाली मला लाथ मारली. गैरसमज माझ्याही लक्षात आला होता, मी काही कालची नाही. पण मी तो दूर केला नाही. कॉलेजबद्दल विचारलं तर लोक ऐकीव सांगतात, स्थळाबद्दल विचारलं की जपून खरं सांगतात, असा माझा इतक्या वर्षांचा समज. मी उलट विचारलं, "कॉलेज संपल्यावर लगेच लागली का नोकरी?"

"लगेच! पेढे खाल्लेत मी."

आम्ही खाली उतरलो. मनातून मी इंग्लंडला अर्धा होकार देऊन टाकला होता. फाटकापाशी इस्त्रीची टपरी आहे. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय मी उठत नाही, म्हणून तिथेही थांबले.

"तिसऱ्या मजल्यावरचा अजिंक्य लंडनहून कधी येतो हो?"

इस्त्रीवाले मामा इस्त्री उभी करून म्हणाले, "येतो म्हणजे? इथंच असतो की तो. दर सोमवारी पाच शर्ट असतात त्याचे. हा बघा निळा, त्याचाच." त्यांनी गठ्ठ्यातून शर्ट वर काढून दाखवला. "काम घरनंच आहे म्हणतो, पण शर्ट घालून बसावं लागतं."

मला वाटलं, सापडलं. ब्रोशर खोटं, सल्लागार खोटा, शेजारीण खोटी. मी तरातरा परत वर गेले. केतकी मागून म्हणत होती, "आई, नको. आई, प्लीज."

या वेळी पाटीच्या दाराची बेल दाबली. दार लगेच उघडलं, जणू कोणी मागेच उभं होतं. अजिंक्यच्या आईने चांगली साडी नेसली होती, घडी नुकतीच मोडलेली. आतून वेलदोड्याच्या चहाचा वास येत होता. काकूंनी फोन केला असणार हे सांगायला नकोच.

"या ना," त्या म्हणाल्या. "खाली उभ्याउभ्याच निघालात की काय असं वाटलं मला. ही का मुलगी?"

मला सांगावं लागलं. आम्ही कॉलेजची चौकशी करायला आलोय. सल्लागाराने तुमच्या मुलाचं नाव दिलं.

त्या हसत होत्या ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र बदलले. मग त्या म्हणाल्या, "मग समोर जाऊन काय विचारलंत? कॉलेजात सासू असते का?"

तेवढ्यात आतून अजिंक्यच बाहेर आला. सव्वीस-सत्तावीसचा, चष्मा, टी-शर्ट.

"तो सुट्टीवर आलाय," त्याची आई घाईने म्हणाली.

"आई, सव्वा वर्षाची सुट्टी?" तो म्हणाला. मग आमच्याकडे वळून, "बसा. बरं झालं, कोणीतरी विचारायला आलं. त्या सल्लागाराने माझा फोटो घेतला तो जाताना. त्यानंतर एक फोन नाही. मी परत आलोय हे त्याला माहीत नसेल, किंवा असेलही."

मी म्हटलं, "म्हणजे फसवणूक आहे."

"नाही काकू. शिकवलं उत्तम. मी आज जे काम करतो ते तिथंच शिकलो." तो केतकीशी बोलू लागला आणि मी पहिल्यांदाच गप्प बसले. "एक वर्षाच्या कोर्सचा घोळ वेगळा आहे. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात आणि मोठ्या बँकांचे बरेचसे अर्ज नोव्हेंबरच्या आत बंद. मी म्हटलं, आधी शिकू, मग अर्ज करू. जानेवारीत पाहिलं तर दारं लागलेली. परदेशी मुलाचा व्हिसा करायला तयार असणाऱ्या कंपन्या आधीच थोड्या. माझ्या वर्गात ज्यांना लागली ते इथून निघायच्या आधीच अर्ज भरून बसले होते. किंवा त्यांच्याकडे आधीची नोकरी होती."

"माझ्याकडे आहे," केतकी म्हणाली.

"मग तुम्ही माझ्या पुढे आहात." पुढचा तासभर त्याने तिला प्रश्न लिहून दिले. नोकरी लागलेल्यांत परदेशी पासपोर्टवाले किती? ज्यांनी काहीच कळवलं नाही, त्यांना हिशेबात धरलंय की वगळलंय? नोकरी त्याच देशात की घरी परतून? अमेरिकेच्या कोर्सलाही हेच विचारा, तो म्हणाला. तिथे मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते ही मोठी सोय, पण पुढे तिथे राहायचं तर नोकरीच्या व्हिसाची सोडत आहे, आणि सोडतीत गणित चालत नाही.

निघताना त्याची आई जिन्यापर्यंत आली. "नात्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही," हळूच म्हणाली. "समोरच्या वहिनींना माहीत आहे. पण त्या म्हणतात, स्थळ विचारायला आलेल्यांना मी का सांगू? कुणाचं मोडल्याचं पाप नको." मी हो म्हटलं आणि कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. म्हणून इथली नावं बदललेली आहेत.

सिंहगड रस्त्यावर थाळी खाल्ली. पिठलं चांगलं, भाकरी गार. केतकी जेवता जेवता प्रश्नांचा कागद वाचत होती. उर्से टोलनाक्यानंतर म्हणाली, "तुला प्रत्येकजण खोटारडा वाटतो. आणि खोटं बोलणाऱ्या एका बाईवर तू पोहे खाऊन विश्वास ठेवलास."

"हो," मी म्हटलं.

घाटात उतरणीला दोन कंटेनर बंद पडले होते. पनवेलला यायला सहा वाजले. असा प्रवास करणार असाल तर एवढंच सांगते. जा, अवश्य जा. पण सरळ त्या घराची बेल दाबा, कशाला आलोय ते उंबऱ्यातच सांगा, आणि पालकांना नाही, मुलाला विचारा.

त्याच रात्री केतकीने तेच प्रश्न दोन्हीकडे पाठवले. सोमवारी सकाळपर्यंत अमेरिकेहून माहितीपत्रकच पुन्हा आलं, हिरवळीसकट. इंग्लंडहून रविवार असूनही एका बाईचं चार ओळींचं उत्तर आलं. परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा त्यात होता आणि तो सल्लागाराच्या 'सगळ्यांना'पेक्षा बराच खाली होता.

"मी इंग्लंडला जाते," केतकी म्हणाली.

"आकडा वाचलास ना?"

"वाचला. त्यांनी दिला म्हणून. आणि अर्ज मी या जुलैपासूनच भरायला घेते."

मला पटलेलं नाही. चार ओळी लिहिणाऱ्या बाई पुढच्या वर्षी तिथे असतील का? शिकून झाल्यावर राहण्याची मुदत सरकार बदलणार नाही कशावरून? अजिंक्य हुशार दिसत होता, तोही परत आलाच. अजूनही कधीकधी ती घडी मोडलेली साडी डोळ्यांपुढे येते आणि मी हातातलं काम करत राहते.

अकरा वाजता केतकी लॅपटॉप उघडून बसली. मी खुर्चीमागे उभी होते. रकमेचा आकडा टाकून झाला, शेवटचं बटण राहिलं. तिने मान वळवली.

"आई, काही विचारायचं राहिलंय?"

बरंच राहिलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "दाब."