भाविकाला येणारा वास

रोह्याजवळच्या कारखान्यांसाठी ज्यांची भाताची खाचरं गेली, त्यांत दिनानाथच्या बापाचीही होती. बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. बाप कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन माघारी आला आणि विशीतल्या दिनानाथने युनिफॉर्म चढवला. त्याच्याच आळीतला जनू त्याच्यासोबत लागला. दोघांची शिफ्ट एक, जाण्यायेण्याची वाट एक, आणि डबा कुणाच्या घरचा हे उघडल्यावरच बघायचं. पुढे पेणच्या खाडीकाठची मैना लग्न होऊन दिनानाथच्या घरात आली, त्यांना भाविका ही मुलगी झाली. कायम नोकरीवाला म्हणून गावात त्याला मान होता.

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यात प्लँटमध्ये गॅस सुटला. दिनानाथला त्या दिवशी पडसं झालं होतं. बाकीच्यांना वास लागला तसे ते पळाले. हा मात्र पाइपावरच्या गेजचा काटा बघत जागच्या जागी उभा. कुणीतरी मागून कॉलर धरून त्याला फरफटत बाहेर काढलं. कोण ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. जनू आतल्या टाकीपाशी होता. त्याला ओढणारं तिथे कुणी नव्हतं.

जनूच्या बायकोला कंपनीने भरपाई दिली, साहेबांनी बाहेर कुठे बोलू नका म्हणून सगळ्यांना बजावलं, आणि थोड्याच दिवसांत प्लँट पुन्हा चालू झाला. दिनानाथ कामावर गेला. काय झालं, कसं झालं, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. एकच गोष्ट त्याच्या मनात घट्ट बसली होती. आपलं नाक आपल्याला दगा देतं.

तेव्हापासून तो घरात शिरण्याआधी दारात थांबायचा, मान जराशी वर करून हवा ओढून बघायचा, मग पाय आत टाकायचा. जेवताना ताटावरून उठून सिलिंडरचं बटण चाचपून यायचा. थंडीतही खिडक्या उघड्या. भाविकाला नदीवर जायची बंदी, शेजारणीकडे जायची बंदी, जत्रेला तर नावच नको. दिवसातून कितीदा तरी तो तिला विचारायचा, "कसला वास येतोय का गो?" पोर नाही म्हणून मान हलवायची. मैनाला वाटायचं, जपणारा बाप आहे, चांगलंच आहे.

भाविका तिसरीत असताना एक दिवस वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, बाई, वास येतोय. विमलबाईंनी खिडक्या उघडल्या, बाकांखाली पाहिलं. कशाचा वास नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ती फ्रॉकचं टोक नाकाला लावून वर्गाबाहेर जाऊन पायरीवर बसू लागली. काही आठवड्यांनी सकाळी दप्तर दिसलं की उलटी व्हायला लागली आणि शाळा सुटली ती सुटलीच. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मैनाने दृष्ट काढली, भगताकडून दोरा आणून बांधला. विमलबाई म्हणाल्या, पोर हुशार आहे पण नाटकी आहे.

त्याच सुमारास अनिता नावाची मुलगी रोहा आणि पेण तालुक्यांत फिरत होती. मुंबईच्या कॉलेजात समाजकार्य शिकत होती, पेणला एका दुकानावरची खोली घेऊन राहिली होती. आईच्या मनाची जी अवस्था असते तिचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी शाळेला घाबरणाऱ्या मुलांच्या आयांना ती भेटायची. विमलबाईंनी तिला या घराचा पत्ता दिला.

ती आली तेव्हा दिनानाथ सेकंड शिफ्टचा म्हणून घरीच होता. सायकल धुवायची आहे असं पुटपुटत तो मागच्या दाराने बाहेर गेला. न्हाणीपाशी बसून त्याने सायकल उलटी केली. आतलं बोलणं शब्द न् शब्द ऐकू येत होतं.

अनिताने मैनाला विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, पोरीवर हात उगारता का. मैना एकेक सांगत गेली. हात एकदाच उगारला होता, शाळेच्या वाटेवर. ते सांगताना तिला रडू आलं. माझ्याच पोटात काही वाईट असंल, म्हणाली, नायतर एकुलत्या पोरीचं असं का व्हावं.

"मुलीचे वडील रागीट आहेत का?" अनिताने विचारलं.

"नाय हो ताई. ते रागवत नाय. ते काय बोलतच नाय."

दिनानाथने ओल्या चाकाला एक फेरा दिला. आत जावं, बायकोशेजारी बसावं आणि एक वाक्य बोलावं असं त्याला फार वाटलं. पण ते वाक्य कोणतं, हेच सापडेना. चाक थांबलं की तो पुन्हा फिरवायचा. अनिता निघून गेली तेव्हा सायकल केव्हाच सुकली होती.

दिवाळीनंतर मैनाचा भाऊ सखा आला. तो पेणच्या खाडीवर मिठागरात काम करायचा. हवापालट म्हणून भाविकाला घेऊन जातो म्हणाला. मैना पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली. दिनानाथने पोरीच्या पिशवीत स्वेटर कोंबला, थंडी नसताना. त्यानंतर घरात दोन माणसं आणि भिंती. मैना दुपारी भाविकाच्या बाहुल्या मांडून पुन्हा डब्यात भरून ठेवायची.

शिमग्याला दिनानाथ पोरीला परत आणायला निघाला. नागोठण्यावरून पेणला एस्टीने आला आणि खाडीच्या गावाकडे चालत सुटला. लांबूनच त्याला मिठाचे पांढरे ढीग दिसले आणि बांधावरून धावणारी भाविका दिसली. केस मोकळे, पाय चिखलाने भरलेले, मागे गावातली पोरं. ती ओरडत होती, हसत होती. सखाच्या बायकोने, हौसाने, वाटेतच त्याला सांगितलं, की पोर इथल्या शाळेत बसते, उलटी एकदाही नाही, खाते तर सखाच्या बरोबरीने. ती अनिताताई परवाच बघून गेली, तीही चकित झाली.

दिनानाथने हाक मारली. भाविकाने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, तो त्याने पाहिला. मग ती थांबली. मान जराशी वर करून तिने हवा ओढली, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग सावकाश त्याच्याकडे चालत आली.

तो तिथे बांधावरच बसला. हौसाला वाटलं उन्हाने चक्कर आली. तिने पाणी आणलं. त्याने ते प्यायलं नाही. पोरीला न्यायला आलोय हे त्याने कुणाला सांगितलंच नाही. सहज बघायला आलो होतो म्हणाला, भाविकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आल्या वाटेने पेणात जाऊन अनिताची खोली शोधून काढली.

"पोरीला माझ्यामुळं होतंय," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

अनिताने त्याला खुर्चीवर बसवलं. मग तो बोलला. पडसं, कॉलर, जनू, सगळं. मधेच थांबायचा, तर ती काही विचारायची नाही, वाट बघायची. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, चूक माझीही झाली. शिकवणाऱ्यांनी आयांना विचारायला सांगितलं म्हणून ती आयांनाच विचारत राहिली. मागच्या दाराने जाणाऱ्या माणसाला तिने पाहिलं होतं, पण थांबवलं नव्हतं. हे भाविकाला सांगा, ती म्हणाली. वास कुठला, कधीचा, ते तिला कळू दे. आणि तुमच्यासाठी ठाण्याला डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देते.

डॉक्टरांचं नाव काढल्यावर दिनानाथ हसला. "कंपनीला कळलं तर डोकं फिरलंय म्हणून काढतील." चिठ्ठी त्याने घेतली नाही.

घरी येऊन त्याने मैनाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले, तव्यावरची भाकरी करपली, तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "मी पोरीच्या पायी स्वतःला खात बसले. तुमी भिंतीपलीकडं ऐकत होतात."

"व्हय."

"सोडा ती नोकरी."

"सोडून जाऊ कुठं? खाचरं हायत कुठं आता?"

मैनाने करपलेली भाकरी तव्यावरून काढून टाकली. पुढे बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

दिनानाथने खातं बदलून मागितलं. पॅकिंगमध्ये बदली मिळाली, पण पॅकिंगची शेड प्लँटला लागूनच. वारा फिरला की तीच हवा इकडे. सुट्टीच्या दिवशी तो पेणला जायचा. भाविकाबरोबर बांधावर बसायचा, आज सांगू म्हणायचा आणि मीठ कसं धरतं, बगळे किती आलेत, असलं काहीतरी बोलून परत यायचा. असं कितीदा झालं. शेवटी एकदा त्याने सांगून टाकलं.

भाविकाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जनूकाकाला पण पडसं होतं?"

"नाय. त्याला वास आला असंल. पण तो आत होता."

"आणि तुमी अजून तिथंच जाता?"

"व्हय."

भाविका गुडघ्यावरची खपली खरवडत राहिली.

जूनमध्ये तिला घरी आणलं. पहिले दिवस बरे गेले. बापाने दारात थांबायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं आणि थांबत नव्हता. मग एका सकाळी कामावरून येताना तो दारात थांबलाच. आतून भाविकाने ते पाहिलं. आठवडा सरायच्या आत तिने फ्रॉकचं टोक नाकाला लावलं. दिनानाथने स्वतःच तिची पिशवी भरली आणि सखाकडे पोचवली.

अनिताचा अभ्यास पुरा झाला. निरोप घ्यायला आली तेव्हा तिने संकोचत सांगितलं, की दिनानाथचं बोलणं त्यात घालता आलं नाही, विषय आयांचा होता. पुढचं काम बापांपासून सुरू करीन म्हणाली. मैनाने तिला वालाच्या बिरड्याचं जेवण घालून पाठवलं.

भाविका पेणलाच शिकली. सुट्टीत, गणपतीला घरी यायची तेव्हा तिला काही व्हायचं नाही. पण मुक्काम लांबला की दोघंही, बाप आणि लेक, एकमेकांकडे चोरून बघायला लागायचे आणि ती निघायची. दहावी पास झाली त्या वर्षी मैना आणि दिनानाथ पेढे घेऊन खाडीवर गेले. भाविका आता आईएवढी उंच झाली होती. आता तरी घरी चल, मैना म्हणाली. भाविकाने आईचा हात धरला.

"तुमीच दोघं या ना इकडं राहायला," ती म्हणाली.

मैनाने दिनानाथकडे पाहिलं. सखा, हौसा, सगळेच पाहू लागले.

"रजा बघतो," दिनानाथ म्हणाला.

मैनाने मान खाली घातली आणि पेढ्यांच्या पुड्याला दोरा गुंडाळू लागली. रात्रपाळी गाठायची म्हणून दुपारच्या एस्टीने दोघं परत निघाले. भाविका गावाच्या टोकापर्यंत पोचवायला आली.